लॅपटॉपचा ओटा आणि इच्छेचं परिमाण



गेल्या दिवाळीपासून आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एक प्रश्न सारखा येतोय. 'घरातला लॅपटॉप फार हळू झालाय, नवा घ्यावा का?' कारण बहुतेकींचं सारखंच. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली, त्याच्या आगेमागे घरोघरी विंडोज ११ बसलं, आणि पाच-सहा वर्षं गुमान चालणारं मशीन धापा टाकायला लागलं. सकाळच्या ऑनलाइन स्वाध्यायात पंडितजींचा चेहरा थिजतो, आवाज तुटतो, आणि परत सुरू होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

दुकानात नेलं की उत्तर ठरलेलं. 'ताई, आता यात काही राम नाही, नवा घ्या.' राम असतो हो. पुष्कळदा रॅम नसते.

नवा लॅपटॉप म्हणजे पन्नास हजारांच्या आसपासचा खड्डा, वर हप्त्यांचं व्याज. मेमरी वाढवून काम भागत असेल तर तो खर्च त्याच्या दहाव्या हिश्शात बसू शकतो. मात्र 'भागत असेल तर' हे आधी तपासावं लागतं, आणि ते तपासायला इंजिनिअर लागत नाही. आपल्यापैकी जी बाई महिन्याचा किराणा अदमासाने बरोबर भरते तिला हे जमतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण इथेच घोळ होतो. मेमरी म्हणजे साठवण असं वाटतं. फोटो, बिलं, मुलांचे प्रोजेक्ट, स्कॅन केलेले ग्रंथ राहतात ती डिस्क. ती आपली फडताळं, डबे आणि माळा. रॅम म्हणजे ओटा. चालू कामापुरतं सामान फडताळातून ओट्यावर येतं, काम झालं की परत जातं, मशीन बंद केलं की ओटा कोरा. मतिज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय, धारणा असे टप्पे आपण शिकलोय. त्यातली धारणा शोधायची तर ती डिस्कमध्ये, रॅममध्ये नाही.

गिरगावच्या जुन्या चाळीतल्या खोलीत ज्यांनी स्वयंपाक केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ओटा दीड हाताचा असला की पोळपाट ठेवायला कणकेची परात खाली जाते, भाजी चिरायची तर पोळपाट उचलायचा. हात कितीही चपळ असले तरी निम्मा वेळ उचलठेवीत जातो. रॅम भरली की लॅपटॉप नेमकं हेच करतो. ओट्यावरचं सामान डिस्कवर नेऊन ठेवतो, परत मागितलं की परत आणतो. आपल्याला तो 'हळू' वाटतो. तो बिचारा येरझाऱ्या घालत असतो.

आता लालबागच्या आमच्या एका मंडळभगिनीची गोष्ट. त्या घरून चातुर्मासाचे पदार्थ करून देतात, मुलगा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. लॅपटॉप २०१९ च्या शेवटी घेतलेला. त्याच्यावर मुलाचं टॅली आणि एक्सेल, त्यांच्या ऑर्डरींचा हिशेब, आणि सासूबाईंचा सकाळचा स्वाध्याय. घराजवळच्या एका दुकानाने ४८ हजारांचा नवा सुचवला होता. पैसे घरात होते, पण ते शिखरजीसाठी बाजूला काढलेले. सासूबाई ७४ वर्षांच्या. पर्वतावरची वंदना चढ, टोकांचा फेरा आणि उतार धरून २७ किलोमीटरची. डोली केली तरी तिथवर जाण्याइतकं अंग साथ द्यायला हवं. 'या वर्षी नाही तर मग कधी' हे त्या घरात कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगा बोलून गेला, 'आई, मी कॉलेजच्या लॅबमध्ये करतो.' त्यावर त्यांनी मला फोन केला.

मी गेले आणि आधी सगळं नेहमीसारखं उघडायला लावलं. टॅली, एक्सेल, ब्राउझरमध्ये त्याच्या कॉलेजची पानं, आणि स्वाध्यायाची झूम. एरवी लोक सगळं बंद करून मेमरी बघतात. पाहुणे गेल्यावर पानं मोजण्यासारखं आहे ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, आणि त्यात मेमरी. वर लिहिलेलं होतं ४ जीबी. वापर ९३ टक्के.

इथे बहुतेक जण थांबतात आणि 'मेमरी भरली' म्हणतात. पण किती कमी पडतेय ते त्या आकड्यावरून कळत नाही, कारण भरलेला ओटा भरलेलाच दिसतो, बाहेर किती सामान ताटकळतंय ते दिसत नाही. त्यासाठी खाली 'कमिटेड' म्हणून जोडीचा आकडा असतो, तो बघायचा. त्यातला पहिला आकडा म्हणजे चालू कामांनी मिळून मागितलेली जागा, ओट्यावर मावो न मावो. त्यांच्याकडे तो ६.७ होता. म्हणजे ४ च्या ओट्यावर पावणेसातचा संसार. चार दिवस मुलाला वेगवेगळ्या वेळी तो आकडा वहीत लिहायला सांगितला. सगळ्यात जास्त गेला तो ७.४ वर.

मैत्रिणींनो, मला या वहीचं फार मोल वाटतं. परिग्रहपरिमाण व्रताला समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात 'इच्छापरिमाण' असं दुसरं नाव दिलंय. वस्तू मोजण्याआधी इच्छा मोजायची. नुसतं 'कमीत भागवा' असं ते व्रत नाही. आपल्याला किती लागतं ते स्वतः ठरवायचं, आणि त्यापुढच्याबद्दल निःस्पृह राहायचं. ४ मध्ये कुढत बसणं हे काही व्रत नव्हे, आणि ३२ घालून ठेवणं ही सोय नव्हे. ७.४ हा त्या घराचा आकडा होता. तो हातात असला की दुकानात आपण गिऱ्हाईक म्हणून जातो, सावज म्हणून नाही.

८ केली असती तर अगदी काठोकाठ. आधीची ४ ठेवून ८ ची भर घातली तर १२. ठरलं १२. पण ती बसेल का?

त्याच पानावर अजून दोन ओळी असतात. एकीत किती स्लॉट वापरात आहेत ते, दुसरीत 'फॉर्म फॅक्टर'. त्यांच्याकडे दोनपैकी एक स्लॉट रिकामा होता, आणि फॉर्म फॅक्टरसमोर एसओडीआयएमएम लिहिलेलं. ती लॅपटॉपची छोटी स्टिक, काढता-घालता येणारी. त्याजागी 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर मेमरी बोर्डावरच डाग देऊन बसवलेली समजायची. मग एखादा वेगळा स्लॉट दिलाय का ते मॉडेल नंबर घालून कंपनीच्या साइटवर पाहून घ्यायचं. तो नसेल तर विषय संपला. परळच्या एका शिक्षिका मैत्रिणीचा पातळ, सुंदर लॅपटॉप असाच निघाला. एकही स्लॉट नाही. तिला वाईट वाटलं, पण पैसे वाचले, कारण एका ठिकाणी तिला 'बघू, करून देतो' म्हणून मशीन ठेवून जायला सांगितलं होतं. अॅपलच्या मॅकबुक एअरमध्ये तर पहिल्यापासून हेच आहे. घेतानाच जेवढी घ्याल तेवढी. म्हणून पुढे कधी नवा लॅपटॉप घ्यायची वेळ आलीच, तर रंग आणि वजन बघण्याआधी स्लॉट विचारा असं माझं स्पष्ट मत आहे. पातळपणाची किंमत पाच वर्षांनी भरावी लागते.

स्लॉट असला तरी स्टिक त्याच पिढीची हवी. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या तीन पिढ्या सध्या घराघरात सापडतात. तिन्हींची खाच वेगळ्या जागी असते, पिना वेगळ्या (लॅपटॉपच्या स्टिकवर अनुक्रमे २०४, २६० आणि २६२), वीजही वेगळी. एकीच्या जागी दुसरी शिरतच नाही. कुकरच्या रिंगेसारखं आहे, दुसऱ्या कंपनीची रिंग कितीही ताणली तरी बसणार नाही. जोर लावला तर मोडेल. डीडीआर३ मध्ये एक पोटभेद आहे, तो तेवढा ध्यानात ठेवा. साधी १.५ व्होल्टची आणि 'एल' अक्षराची १.३५ व्होल्टची. साधारण २०१३-१४ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपना ही 'एल'चीच लागते, आणि दिसायला दोघी जुळ्या बहिणी. लेबलवर 'पीसी३' च्या पुढे 'एल' आहे का ते वाचायचं. डीडीआर४ ला १.२ व्होल्ट, तिथे ही भानगड नाही.

वेगाचं मात्र फार मनावर घेऊ नका. त्यांच्या लॅपटॉपमध्ये २४०० ची स्टिक होती. २६६६ किंवा ३२०० ची मिळाली तरी ती मुकाट २४०० ने चालते. दोन स्टिक वेगवेगळ्या वेगाच्या असल्या की दोघी हळू असलेलीच्या चालीने चालतात, एकत्र वंदनेला निघालेल्या सासू-सुनेसारख्या. त्यामुळे जास्त वेगासाठी जास्त पैसे मोजण्यात अशा मशीनला काही फायदा नाही. एकसारख्या दोन स्टिक असल्या तर कामाला थोडी गती येते हे खरं, पण ४ आणि ८ अशी जोडीही चालते. त्यासाठी चांगली स्टिक काढून टाकायची गरज नाही.

एवढं सगळं एका चिठ्ठीवर लिहिलं. डीडीआर४, लॅपटॉपची, ८ जीबी, २४०० किंवा वरची. आणि लॅमिंग्टन रोड गाठला.

लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण त्या नावाने विचाराल तर टॅक्सीवाला क्षणभर विचार करतो. आमच्या सी.पी. टँकहून खेतवाडीतून चालत पंधरा-वीस मिनिटं, दादर-परळकडून येणाऱ्यांना ग्रँट रोड स्टेशन, पूर्व. आमच्या सासऱ्यांच्या पिढीला हा रस्ता अप्सरा, मिनर्व्हा आणि नाझ थिएटरांमुळे माहीत. पाच वर्षं 'शोले' चालला तो इथल्या मिनर्व्हाला. रेडिओचे सुटे भाग विकणारी दुकानं होती, मग टीव्हीचे आले, मग कॉम्प्युटरचे. रविवारी बहुतेक बंद, म्हणून शनिवारी सकाळी जावं. दुपारनंतर गर्दी वाढली की कोणी नीट बोलत नाही. आणि जुनी स्टिक दाखवायला सोबत न्यावी, निदान तिच्या लेबलचा फोटो. 'कुठल्या लॅपटॉपची हवी' या प्रश्नाला 'काळ्या रंगाचा आहे' असं उत्तर देणारी माणसं तिथे रोज येतात, आणि त्यांच्याशी कसं बोलायचं ते दुकानदारांनाही पाठ असतं.

भावाबद्दल मात्र मन घट्ट करून जा. दोन वर्षांपूर्वी ८ जीबीची नवी डीडीआर४ स्टिक दीड-दोन हजारांत येत असे. आता ते दिवस गेले. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या प्रचंड डेटा सेंटरना लागणाऱ्या खास मेमरीत त्यांना जास्त पैसा मिळतो, म्हणून कारखाने तिकडे वळले, जुन्या डीडीआर४ चं उत्पादनही आखडतं घेतलं, आणि २०२५ च्या उत्तरार्धात आपल्यासारख्यांच्या स्टिकचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने आपला क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. कुठल्याशा परदेशातल्या डेटा सेंटरचा धक्का लालबागच्या स्वाध्यायाला बसतो, तो असा.

आणि अशा वेळी जे होतं तेच झालं. 'आणखी वाढणार आहे मॅडम, सोला का ही ले लो, दो ले के रखो.' मला हसू आलं, कारण त्याच आठवड्यात आमच्या स्वाध्यायात परिग्रहपरिमाणाचे अतिचार झाले होते. त्यात अतिसंग्रह आहे. पुढे भाव चढेल म्हणून आज भरून ठेवणं. ते धान्यासाठी सांगितलेलं, पण चिपलाही तंतोतंत बसतं. त्याच यादीत विस्मय आहे, दुसरीकडे जास्त लाभ दिसल्यावर होणारी हळहळ. 'आपण गेल्या वर्षी घेतली असती तर' हा उसासा दुकानाबाहेर उभं राहून मंडळभगिनींनी टाकलाच. मी म्हटलं, वहिनी, हा पण यादीत आहे बरं का. दोघी हसलो. वहीतला आकडा ७.४ होता, १६ ची गरज नव्हती, दोनाची तर नव्हतीच.

नवी परवडेना म्हणून वापरलेली घ्यायचं ठरलं. रॅमची स्टिक वापरून झिजते असं फारसं होत नाही, तिच्यात फिरणारं काही नसतं. त्यामुळे मशीन बदललेल्या लॅपटॉपमधून काढलेली स्टिक घ्यायला हरकत नाही. पण इथे दुसऱ्या व्रताशी गाठ पडते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे अतिचार येतात. तदाहृतादान, म्हणजे चोरून आणलेला माल घेणं. विरुद्धराज्यातिक्रम, राज्याचा नियम चुकवणं. प्रतिरूपकव्यवहार, अस्सल म्हणून नक्कल खपवणं. इतक्या शतकांपूर्वीची ही यादी वापरलेल्या मेमरीच्या बाजारात जशीच्या तशी भेटते याचं मला खरंच नवल वाटतं. कुठून आली ते न सांगता कागदात गुंडाळून मिळणारी स्टिक. 'बिल नको असेल तर १८ टक्के कमी.' आणि साध्या चिपवर नामांकित कंपनीचं लेबल. पहिल्या दोन दुकानांत आम्ही बिल मागितल्यावर भाव बदलला, तेव्हा बाहेर आलो. तिसऱ्यात एक वयस्क गुजराती भाई होते, त्यांनी स्टिक त्यांच्या मशीनमध्ये लावून दाखवली, तीन महिन्यांची हमी बिलावर लिहून दिली. चार हजारांच्या आत काम झालं. बिल न घेण्यात सहाशे-सातशे वाचले असते, पण स्टिक बिघडली असती तर परत घेऊन जायला हातात काही नसतं. इथे व्रत आणि व्यवहार एकाच बाजूला आहेत.

दुकानात बसवून घेतलीत तर वीस मिनिटांचं काम आहे, काहीजण फुकट करतात. आम्ही घरी बसवली, कारण मुलाला शिकायचं होतं. आणि मला आणखी एक कारण होतं. लॅपटॉपच्या उबेला मुंग्या जातात, कधी बारीक झुरळाची पिल्लं, पावसाळ्यात तर हमखास. दुकानात यंत्र उघडलं की ब्लोअरचा फवारा. घरी आपण यत्नाने करू शकतो. दिवसाउजेडी उघडावं, पांढऱ्या चादरीवर ठेवून आधी नीट बघावं, जीव दिसला तर मऊ कोरड्या ब्रशने कागदावर घेऊन कुंडीत सोडावा, मग पुढचं. मुनिमहाराजांची आदाननिक्षेपण समिती म्हणजे वस्तू बघून उचलणं आणि बघून ठेवणं. ती आपल्याला त्या दर्जाने पाळता येत नाही, पण लॅपटॉपचं झाकण उघडताना तिची आठवण ठेवायला काय हरकत आहे?

बाकी कृती सोपी. शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन करा, म्हणजे मशीन पुरतं बंद होतं. चार्जर काढा. स्क्रू वाटीत ठेवा. ते सगळे एकाच लांबीचे नसतात, म्हणून कोणता कुठला ते कागदावर मांडून. झाकणाच्या कडा जुन्या एटीएम कार्डाने सुटतात, सुरी लावू नका. आत बॅटरीची वायर आधी सोडवा. नायलॉनची साडी नेसून हे काम करू नका, आणि स्टिकला हात लावण्याआधी धातूच्या नळाला किंवा खिडकीच्या गजाला स्पर्श करा, अंगावरची स्थिर वीज उतरते. स्टिक कडांनी धरायची, सोनेरी दातांना बोट नको. खाच जुळवून तिरकी आत सरकवायची, मग हलकेच खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या पकडी 'कट' करून बसतात. तो आवाज आला नाही तर बसली नाही समजा.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळा राहिला. मुलाचा चेहरा पांढरा पडला, सासूबाईंनी णमोकार सुरू केला. नवी मेमरी ओळखायला मशीनला पहिल्या खेपेला मिनिटभर लागू शकतं, घाबरू नका. मग १२ जीबी दिसलं. लगेच खुश न होता सर्चमध्ये एमडीशेड असं इंग्रजी अक्षरांत, एमडीएससीएचईडी, लिहायचं आणि रीस्टार्ट करायचं. विंडोजमध्येच असलेली ही मेमरीची तपासणी आहे, अर्धा-पाऊण तास चालते. त्यात चूक निघाली तर हमीची मुदत संपण्याआधी बदलून घ्या. त्यांची शुद्ध निघाली. संध्याकाळी सगळं उघडून वापर बघितला, साठ टक्क्यांच्या आसपास. पारसनाथ स्टेशनपर्यंतची तिकिटं त्यांनी त्याच लॅपटॉपवर काढली, तीन. मुलगाही जातोय, आजीला धरायला.

आता ज्यांनी हे वाचून लगेच पर्स उचलली असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. हळूपणा दर वेळी मेमरीचा नसतो. दादरच्या एका काकूंकडे ८ जीबी होती, त्यातली निम्मी मोकळी, आणि तरी मशीन रडत होतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क मात्र सतत १०० टक्के. आत जुनी फिरती हार्ड डिस्क होती. ओटा ऐसपैस, पण फडताळाचं दार गंजलेलं. तिथे रॅम घालणं म्हणजे पैसे पाण्यात. एसएसडी घातल्यावर तोच लॅपटॉप उठून बसला. आणि लॅपटॉप २०१७ किंवा त्याआधीचा असेल तर आधी प्रोसेसर कोणत्या पिढीचा ते बघा. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. ३२ बिटवालं विंडोज असेल तर ४ जीबीच्या वरची मेमरी ते वापरतच नाही, कितीही घाला. अशा मशीनवर आजच्या भावात पैसे घालू नयेत असं मला वाटतं. ग्रंथांच्या पीडीएफ वाचायला, भजनं ऐकायला, इंटरनेट न जोडता ते अजून कितीतरी वर्षं चालेल. तेवढंच काम त्याला द्या. आणि जे अगदीच गेलं असेल ते भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्या. उघड्यावर जाळल्या जाणाऱ्या तारांच्या धुरात किती जीव जातात ते वेगळं सांगायला नको.

जाता जाता. आमच्या घरच्या लॅपटॉपला एकच स्लॉट आहे, म्हणून ८ घालताना त्यातली ४ जीबीची स्टिक काढावी लागली. डीडीआर४, २४०० ची, तपासून घेतलेली, कागदाच्या पाकिटात नीट ठेवलीय. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये ४ आहे आणि एक स्लॉट रिकामा आहे, शिवाय वहीतला आकडा ८ च्या आत येतोय, त्यांनी लेबलचा फोटो पाठवा. पैसे नकोत. रविवारी गुलालवाडीच्या मंदिरात अभिषेकाला येणार आहे, तेव्हा घेऊन येईन.